आधी वाटणी, मग कुदळ



आपल्या गावाचे भले आपणच एकत्र येऊन करावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नव्याने सांगावी लागत नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन ती सांगितली, तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेतून सांगितली. 2000-01 साली सरकारने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, तेव्हा गावेच्या गावे झाडू घेऊन रस्त्यावर आली. 2016 साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी तिच्यात वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतली 116 गावे होती. तीन वर्षांत ती सत्तराहून अधिक तालुक्यांत पोचली. भर उन्हाळ्यात, पहाटेच्या गारव्यात, टिकाव-फावडी आणि घमेली घेऊन माळावर निघालेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा कष्टाला आपली माणसे कमी पडतात, असे म्हणायला जागा नाही. तरीही एक प्रश्न उरतो, आणि आज मला त्याच एका प्रश्नाभोवती बोलायचे आहे. जूनमध्ये पाऊस पडतो, चर भरतात, ओढा वाहता होतो, विहिरींची पातळी वर येते. त्या वाढलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा? ज्याने खणले त्याचा, ज्याची विहीर त्याचा, की सगळ्या गावाचा? गाव एकत्र कसे आणावे यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. एकत्र येऊन जे उभे राहिले ते कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने मिळावे, यावर फार थोडे बोलले गेले. माझे म्हणणे असे आहे की, गावाचे सामूहिक काम टिकते की विस्कटते याचा निकाल या दुसऱ्या प्रश्नावर लागतो, आणि म्हणून तो कुदळ उचलण्याच्या आधी सोडवला पाहिजे.

हे असे का, ते समजण्यासाठी आधी आपल्या पायाखालचा दगड पाहावा लागेल. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी सगळीकडे सारखे पसरत नाही. वरचा मुरमाड थर आणि खाली खडकातल्या भेगा, सांधे, एवढ्यातच ते साठते. आपण डोंगराच्या माथ्यावर सलग समतल चर खणतो, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती करतो, ओढ्यात नालाबंडिंग करतो. माथ्यावर मुरलेले पाणी उताराने सरकत सरकत शेवटी ओढ्याकाठच्या विहिरींना पाझरते. आता मला सांगा, ओढ्याकाठची काळी जमीन गावात कोणाकडे असते? आणि माथ्यावरची बरड कोणाकडे असते? ज्याच्याकडे बरड आहे किंवा काहीच नाही, तो माथ्यावर खणतो आणि पाणी खालच्याच्या विहिरीत उतरते. यात कोणाचा कावा नाही, हा उताराचा गुण आहे. पण पुढची पायरी माणसांची असते. विहिरीला पाणी आले की ज्वारी-हरभऱ्याच्या जागी कांदा येतो, कांद्याच्या जागी ऊस किंवा डाळिंब येते, तीन अश्वशक्तीच्या मोटारीच्या जागी साडेसातची बसते, आणि तेवढ्यानेही भागेना झाले की शेजारी बोअर पडते. बोअर खोल गेले की उथळ विहिरी आटतात. चार-पाच वर्षांत गावात पुन्हा टँकर येतो. चर जागेवर असतात, बंधारा जागेवर असतो, फक्त पाणी नसते. मग लोक म्हणतात, श्रमदान फुकट गेले. श्रमदान फुकट गेलेले नसते. त्याने जे कमावले ते कसे खर्चायचे, हे ठरलेले नव्हते.

हा अनुभव नवा नाही. 1972च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेतून राज्यभर पाझर तलाव आणि बंधारे झाले. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली ती योजना फार मोठी होती. कामाचा हक्क कायद्याने देणारे असे पाऊल देशात आधी कोणी टाकले नव्हते. लाखो घरांची चूल त्या कामांनी पेटती ठेवली, आणि त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवे. पण पाझर तलावाच्या खाली कोणी किती उपसायचे, गाळ कोणी काढायचा, भिंतीला भगदाड पडले तर कोणी बुजवायचे, याचा करार तलावाबरोबर झाला नाही. अलीकडे शेततळ्यांची गोष्ट तशीच आहे. शेततळे पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्यासाठी. पण खाली प्लास्टिक अंथरून विहिरी-बोअरचे पाणी त्यात उपसून ठेवले, तर जमिनीखाली सर्वांसाठी असलेले पाणी वर येऊन एकाच्या नावावर जमा होते, आणि त्यातले बरेचसे उन्हाने उडून जाते. अनेक ठिकाणी तेच झाले. योजना चांगली, हेतू चांगला. वाटणीचा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही.

तो विचारला गेला तर काय घडते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे आणि तो काही शतकांचा आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठची फड पद्धती आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकली असेल. तिच्याकडे आपण प्राचीन वारसा म्हणून कौतुकाने पाहतो आणि पुढे जातो. मला मात्र तिथे थोडे थांबायचे आहे, कारण तिच्या रचनेत फार खोल विचार आहे. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखालचे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले. एका फडात त्या वर्षी एकच पीक. कुठल्या फडात ऊस, कुठल्या फडात भुसार, हे गाव मिळून ठरवणार, आणि दरवर्षी पिके फडाफडांतून फिरणार. शेतकऱ्याने आपल्या शेताचे दार स्वतः उघडायचे नाही. त्यासाठी पाटकरी असतो. तो क्रमाने एकेका शेताला पाणी देत जातो. पिकांची राखण जागल्या करतो, देखरेखीला हवालदार असतो, आणि यांचे मानधन पिकाच्या वाट्यातून सगळ्यांनी मिळून द्यायचे. पावसाळ्याआधी पाट साफ करायला घराघरातून माणूस यायचाच.

यातली खरी मेख पुढे आहे. बहुतेक खातेदारांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. नदीला पाणी कमी असलेल्या वर्षी पाणी सगळीकडे थोडे थोडे शिंपडत बसायचे नाही. एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवायचा. तो कोरडा राहिला की प्रत्येकाची थोडी जमीन कोरडी राहायची. म्हणजे टंचाई आली की ती सगळ्यांच्या घरी सारखी यायची. आजच्या कालव्यावर काय होते ते पाहा. हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाजवळचा, शेतकरी भरपूर घेतो, टेलपर्यंत, म्हणजे शेवटापर्यंत, पाण्याचे आवर्तन पोचतच नाही, आणि तोट्याचा सगळा भार शेवटच्या माणसावर पडतो. फडाने हेड आणि टेल हा भेदच पुसून टाकला होता. तो सद्भावनेने किंवा उपदेशाने पुसला नाही. जमिनीच्या मांडणीने आणि पाळीच्या शिस्तीने पुसला. आपल्या शेजाऱ्याचे नुकसान आणि आपले नुकसान एकाच दिवशी होणार, अशी सोय त्या लोकांनी करून ठेवली होती. 1990 साली एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने जगभरच्या अशा व्यवस्थांचा अभ्यास मांडला आणि 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लोक आपापसांत नियम करून सामाईक संपत्ती शतकानुशतके राखू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. पांझराकाठच्या शेतकऱ्याला ते ठाऊकच होते.

कोणी म्हणेल, ही जुन्या काळची गोष्ट झाली. तेव्हा माणसे कमी, गरजा कमी, बाजार लांब. विजेची मोटार आल्यावर आणि वरच्या अंगाला मोठी धरणे झाल्यावर फडांचे काय झाले? फडांची पीछेहाट झाली, हे खरे आहे. ज्याची स्वतःची विहीर झाली त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. पण आक्षेपाचे उत्तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात मिळते. 1972च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन कसायला घेतली, 1974 साली ग्राम गौरव प्रतिष्ठान काढले, आणि तिथल्या प्रयोगांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मी सांगतो, कारण आजही ते ऐकताना माणूस दचकतो. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पन्नास एकरवाल्यालाही अडीचच. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही, तो पंचायतीकडे परत येईल. ऊस आणि बारमाही पिके घ्यायची नाहीत. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. योजनेचा वीस टक्के खर्च लाभधारकांनी आधी उभा करायचा, निम्मा शासनाच्या अनुदानातून, उरलेला प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून. एकट्यादुकट्याची योजना घ्यायची नाही, गटाचीच घ्यायची. आता हा क्रम लक्षात घ्या. हे सगळे मान्य झाले की मग उपसा योजनेचे काम. नियम आधी, पाइप नंतर. विजेची मोटार, बाजार, वाढलेल्या गरजा, हे सगळे असलेल्या काळात, दुष्काळी तालुक्यात, लहान शेतकऱ्यांनी हे मान्य केले आणि चालवून दाखवले. त्यांच्या काही योजना पुढे बंद पडल्या. पण आधुनिक काळात लोक असे नियम स्वीकारतच नाहीत, असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडून काढून घेतला आहे.

येरळा नदीच्या काठी, सांगली जिल्ह्यात, ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या कार्यकर्त्यांनी आणि बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभे केले. त्यामागचा विचारही हाच. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी तो उपसा अडवला आणि त्यातली मर्यादित वाळू विकून धरणाला पैसा उभा करण्याचा हक्क मागितला. आणि पाणी? प्रत्येक कुटुंबाला सारखे, जमीन असो वा नसो. भूमिहीनाने आपला पाण्याचा वाटा घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने पीक घ्यावे, अशी ती कल्पना. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या हातात सौदा करण्यासारखे काहीतरी आले. श्रोतेहो, गावात ज्याच्याकडे जमीन नाही त्याला आपण श्रमदानाला नेहमी बोलावतो. वाटणीच्या बैठकीला किती वेळा बोलावतो?

आता मी सर्वात जास्त ऐकू येणाऱ्या आक्षेपाकडे येतो. तो असा की, हे सगळे नेत्यावर असते. राळेगणसिद्धीला अण्णा हजारे होते, हिवरे बाजारला पोपटराव पवार आहेत, ज्या गावाला असा माणूस नाही त्याने काय करावे? या म्हणण्यात तथ्य आहे. नेतृत्वाशिवाय सुरुवात अवघड असते. पण हिवरे बाजारात नेमके काय घडले ते पाहू. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातले, वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचे हे गाव. तिथे बदली म्हणजे सरकारी नोकराला शिक्षा वाटायची. 1990च्या सुमारास पोपटराव सरपंच झाले, आणि पुढे आदर्श गाव योजनेतून जलसंधारणाची कामे झाली. इथपर्यंतची कहाणी आपण आवडीने सांगतो. चरांचे, झाडांचे, माघारी आलेल्या कुटुंबांचे फोटो छापतो. त्या फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की, गावाने सिंचनासाठी बोअरवेल बंद केल्या, ऊस आणि केळी यांना मनाई केली, जमीन बाहेरच्याला विकायची नाही असे ठरवले, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला ते मोजायचे, विहिरींच्या पातळ्या पाहायच्या, ग्रामसभेत हिशेब वाचायचा. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरलेल्यात रब्बी किती एकर बसते ते पाहायचे. पाऊस कमी झाला तर उन्हाळी पीक नाही. नेत्याच्या भाषणाने माणूस एक दिवस कुदळ उचलेल. पण ज्याच्या विहिरीत डोळ्यांसमोर पाणी आहे त्याने उन्हाळी कांदा लावायचा नाही, हे दरवर्षी भाषणाने होत नाही. त्यासाठी शेजाऱ्याच्याही विहिरीवर तोच नियम आहे आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो, याची खात्री लागते. नेत्याचे मोठेपण मी कमी करत नाही. ते मोठेपण त्या ताळेबंदात आहे. आणि फडाचे पहिले नियम कोणी केले, त्या माणसाचे नाव आज कोणालाही सांगता येत नाही. नियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालले.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. गाव, गाव असे आपण म्हणतो. गाव म्हणजे कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्यांच्या गौरवगानावर कठोर टीका केली, आणि खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे असे बजावले. त्यामागे महाडचा अनुभव होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 साली मुंबईच्या विधिमंडळात झाला, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी 20 मार्च 1927चा सत्याग्रह करावा लागला. तळे होते, पाणी होते, ठरावही होता. वाटा नव्हता. तेव्हा गावाची एकी हा शब्द ऐकला की, ती कोणाच्या जिवावरची एकी, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. चराईबंदीचे उदाहरण घ्या. डोंगर हिरवा व्हावा म्हणून गाव चराईबंदी करते. गवत वाढते, माती थांबते, सगळ्यांचा फायदा होतो. पण ज्या घराचा संसार चार शेळ्यांवर आहे, त्या घराला पहिली दोन-तीन वर्षे काय? शेळ्या विकायच्या? ज्याच्या गोठ्यात संकरित गाय आहे आणि शेतात हिरवा चारा आहे, त्याला ही बंदी काहीच मागत नाही. तिचा सगळा भार शेळीवालीवर पडतो. आणि मी शेळीवाली म्हणतो, कारण बहुतेक वेळा ती बाईच असते. म्हणून मला वाटते की आंबेडकरांचा आक्षेप सामूहिक कामाच्या विरोधातला नाही, वाटणीविना केलेल्या सामूहिक कामाच्या विरोधातला आहे. कापलेल्या गवताचा पहिला भारा शेळीवालीला मिळेल असे बंदीच्या ठरावातच लिहिले, तर ती बंदी तिचीही होते. ते लिहिले नाही, तर तिच्यासाठी गाव आणि सावकार यांच्यात फार फरक उरत नाही.

याला जोडूनच सक्तीचा प्रश्न येतो. राळेगणमध्ये दारूबंदीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले जात असे, ही गोष्ट जगजाहीर आहे. परिणाम चांगला आला म्हणून मार्ग योग्य ठरतो का? मी तसे मानत नाही. जिथे नियम वरून येतो तिथे तो पाळून घ्यायला दंडा लागतो, आणि दंडा धरणारा हात बदलला की नियमही बदलतो. मग नियम करावा कसा? गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने याचे उत्तर दिले आहे. तिथे ग्रामसभा मतदान घेत नाही. एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास असा निर्णय तिथे होत नाही. सर्वसहमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा बोलला जातो. एकाचाही विरोध असेल तर त्याला काय म्हणायचे आहे ते ऐकून घेतले जाते. निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट असतो. तो निर्णय घेत नाही, फक्त विषय समजून घेतो. याला वेळ लागतो, असा आक्षेप येईल. लागतो. पण बहुमताच्या ठरावाने काम लवकर सुरू होते आणि हरलेले निम्मे गाव ते मोडायला टपून बसते, तेव्हा वाया गेलेला वेळ आपण मोजत नाही. मेंढ्याच्या चिकाटीने काय मिळवले? वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क, आणि एप्रिल 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात. त्यासाठी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात गेले होते. बांबू कोण तोडणार, किती तोडणार, मजुरी किती, उरलेला पैसा कशावर, हे ठरवायची सवय गावाला आधीच होती. हक्क नंतर आला.

मेंढ्याचे नाव निघाले की एक घोषणा आठवते: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. या घोषणेचा पूर्वार्ध आपण विसरतो. तिथे सरकार नाकारलेले नाही. म्हणून तिसरा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. आक्षेप असा की, पाणी, रस्ता, स्वच्छता ही सरकारची कामे आहेत. लोकांनी श्रमदान करणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे. शहरातल्या माणसाच्या नळाला पाणी यावे म्हणून त्याला कोणी कुदळ उचलायला सांगत नाही, मग दुष्काळी गावातल्या माणसालाच का? हा सवाल रास्त आहे. श्रमदान हे कराच्या पैशाला पर्याय म्हणून मागितले जाते तेव्हा ते गरिबावरचा दुसरा कर होते. मात्र सरकार बंधारा बांधू शकते, अनुदान देऊ शकते, हक्काचा कागद देऊ शकते. कोणत्या विहिरीतून या महिन्यात किती उपसा व्हावा, हे मंत्रालयातून ठरवता येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या शेतकऱ्यांनी 1991च्या सुमारास वाघाड धरणाच्या टेलला पाणीवापर संस्था काढल्या, तेव्हा धरण आणि कालवा सरकारचाच होता. लोकांनी पाणी मोजून घेतले, आपसांत वाटले, पट्टी भरली, आणि ज्या टेलला पाणी पोचत नव्हते तिथे पोचवले. पुढे 2005 साली राज्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता. पाणी पंचायतीने निम्मा खर्च शासनाकडून घेतला, हेही आठवा. बांधणे सरकारचे, वाटणे लोकांचे, अशी ही विभागणी आहे आणि तिच्यात कोणी कोणाला मोकळे सोडत नाही.

शहरातल्या श्रोत्यांना वाटत असेल, हे सारे खेड्याचे झाले. शहराबद्दल थोडक्यात बोलतो. आपल्या वस्तीचा कचरा ही शहरातली सामूहिक गोष्ट आहे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली, आणि 2008 साली कचरावेचकांच्या स्वच्छ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. रविवारी सकाळी हातमोजे घालून गल्ली झाडणाऱ्या उत्साही मंडळांबद्दल मला आदर आहे. पण गल्ली सोमवार ते शनिवार स्वच्छ राहते ती दुसऱ्याच गोष्टीवर: ओला-सुका वेगळा करायचा, घरटी महिन्याचे शुल्क द्यायचे, आणि सुक्या कचऱ्यातले विकण्याजोगे ते वेचणाऱ्या बाईचे, हा करार पाळला जातो की नाही. इथेही प्रश्न वाटणीचाच आहे. घाणीत हात कोण घालणार आणि त्याला त्याचे काय मिळणार?

शेवटचा आक्षेप सर्वात अवघड आहे, कारण तो कायद्यात बसलेला आहे. माझी जमीन, माझी विहीर, माझे पाणी. गाव मला अडवणारे कोण? इंग्रजांच्या 1882च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे असेच मानले गेले की, ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. खडकाला हा कायदा माहीत नाही. माझ्या बोअरने तुमच्या विहिरीखालचे पाणी येते. तरीही कायदा तसा आहे, आणि म्हणून हिवरे बाजारसारख्या गावाने केलेली बोअरबंदी आजही मुख्यतः गावकऱ्यांच्या शब्दावर उभी आहे. राज्याने 2009चा भूजल अधिनियम केला, तो 2014 पासून लागू झाला, आणि अधिसूचित क्षेत्रात पाण्याच्या उपलब्धतेप्रमाणे पीक आराखडा करण्याची तरतूद त्यात आहे. ही तरतूद कागदावरून गावाच्या बैठकीत आणायची असेल, तर ती वरून खाली येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा गावांनी आपले ताळेबंद लिहायला लागावे आणि सरकारने त्यांना मान्यतेचा शिक्का द्यावा, अशी माझी मागणी आहे. वॉटर कपनंतर पाणी फाउंडेशनच्याच लोकांनी 2020 साली समृद्ध गाव स्पर्धा सुरू केली आणि नंतर गटशेतीकडे मोर्चा वळवला, याचा अर्थही मला असाच दिसतो: खणण्यापासून सुरुवात केलेल्यांना पीक आणि पाणी यांच्या हिशेबाकडे यावेच लागले.

आपल्या पंचायतींत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. यातल्या दोन तारखा वाटणी ठरवण्याच्या कामासाठी जणू मुद्दाम ठेवलेल्या आहेत. 1 मे येतो तेव्हा चर खणायचे दिवस असतात. त्या सभेत, पहिला टिकाव पडण्याआधी, नव्याने मुरणाऱ्या पाण्यातून कोणाला काय मिळेल ते इतिवृत्तात लिहावे. 2 ऑक्टोबर येतो तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते. त्या सभेत पाऊस किती झाला, विहिरींची पातळी कुठे आहे, पुढच्या जूनअखेरपर्यंत प्यायला आणि जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात घरटी किती क्षेत्र भिजेल, हे फळ्यावर मांडावे आणि चावडीवर लावावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. एक पर्जन्यमापक, विहिरींत सोडायला एक दोरी आणि हिशेब करणारी शाळेतली दोन मुले एवढ्यावर सुरुवात होते. आणि घरांची यादी करताना ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांची घरे सर्वात आधी लिहावीत.